एकाच वेळी चार हाका: आधी कुणाकडे जायचं, आणि मागे कुणाला ठेवायचं

प्रश्न असा आहे: जीएनएम (नर्सिंगचा डिप्लोमा) होऊन सहा महिने झाले, पुरुषांच्या मेडिकल वॉर्डात नाईट लागते. एकाच वेळी तीन-चार ठिकाणांहून हाका येतात. एबीसी पाठ आहे, पण त्या क्षणी पाय कुठं वळवायचे ते सुचत नाही. सीनियर सिस्टर हे कसं ठरवतात? आणि ठरवलेलं चुकलं तर काय करायचं?

मी सत्तावीस वर्षं सरकारी रुग्णालयांत काम करते आहे, त्यातली निम्म्याहून जास्त मेडिकल वॉर्डात गेली. तू माझ्या मुलीच्या वयाची असशील, म्हणून तूच म्हणते. उत्तर लांबणार आहे. सावकाश वाच, ड्युटीवरून आल्या आल्या नको.

एबीसी पाठ आहे हे चांगलंच आहे. पण श्वासनलिका, श्वास, रक्ताभिसरण हा क्रम एका पेशंटसाठी आहे. चार खाटांमधून एक खाट निवडायची तर तो अर्धीच मदत करतो. हाक आली की मी स्वतःला विचारते: मी आत्ता गेले नाही तर पुढच्या दहा मिनिटांत याचं काय होईल, आणि जे होईल ते नंतर भरून काढता येईल का? या दुसऱ्या भागानंच बहुतेक वेळा निवाडा होतो. बंद पडलेली कॅन्युला (शिरेत बसवलेली सलाईनची बारीक नळी) दुसरीकडे टाकता येते. साखर उतरून मेंदूला झालेली इजा परत आणता येत नाही.

आणि जिच्याबद्दल शिकताना फारसं कुणी बोलत नाही ती गोष्ट म्हणजे मागे ठेवलेल्या पेशंटचं काय करायचं. एकाकडे जायचं ठरवलं त्याच क्षणी बाकीच्यांना थांबवायचंही ठरलेलं असतं. थांबणारा सुरक्षित राहील अशी सोय लावूनच पुढं जायचं. मी नव्या मुलींना वॉर्डात शिकवते ते मुख्यतः हेच.

मागच्या पावसाळ्यातली एक रात्र सांगते. ओळख पटू नये म्हणून बेडचे नंबर आणि बारीकसारीक तपशील बदलले आहेत. तीस खाटांचा वॉर्ड, अडतीस पेशंट, त्यातले आठ खाली गादीवर. ड्युटीवर मी, एक नवी सिस्टर आणि एक मामा, म्हणजे वॉर्डबॉय. मावशी, म्हणजे आया, रजेवर. दोन वाजायला आले होते. बेड ४ चा मुलगा लांबूनच ओरडत आला, "सिस्टर, सलाईन संपलं, नळीत रक्त चढतंय!" तेवढ्यात बेड १९ ची सून सांगायला आली, की मामंजी उगाच शिव्या देताहेत, उठून बसताहेत, अंगाला घाम सुटलाय. बेड २३ चा तरुण मुतखड्याच्या कळांनी विव्हळत होता, इंजेक्शन द्या म्हणून विनवत होता. आणि कॅज्युअल्टीतून ट्रॉली आली: तिशीचा शेतमजूर, केसपेपरवर 'पोटदुखी'. सोबतचा भाऊ म्हणाला, "रात्री थोडी घेतली होती, म्हणून गुंगीत आहे." बेड ११ वरून मात्र कुणीच बोलावलं नव्हतं. त्याचं पुढं सांगते.

सगळ्यात मोठा आवाज बेड ४ चा होता आणि धोका सगळ्यात कमी. बाटली रिकामी झाली की शिरेतल्या दाबानं रक्त नळीत मागे येतं. दिसायला भयंकर दिसतं, नातेवाईक घाबरतात, त्यात त्यांची चूक नाही. नुकसान एवढंच की रक्त गोठून कॅन्युला बंद पडेल. मी जागेवरूनच मामांना सांगितलं, "चारची नळी बंद करा," आणि मुलाला म्हटलं, "काही होणार नाही, थोड्या वेळात येते." चार सेकंदांचं काम.

ट्रॉली वाटेतच होती, म्हणून थांबले. मला त्या माणसाच्या पापण्या खटकल्या. दारू प्यायलेल्या माणसाला हलवून हाक मारली की तो डोळे उघडतो, मग परत मिटतो. याला हाक ऐकू येत होती, प्रश्न कळत होता, उत्तरही देत होता, पण पापण्या वर जात नव्हत्या. माझ्याकडे बघायला तो कपाळाला आठ्या घालून मान मागे नेत होता. आवाज नाकातून. ओठांच्या कोपऱ्यात लाळ साठलेली, ती गिळता येत नव्हती. "एका दमात आकडे म्हण," म्हटलं, तर आठवर अडखळला. "कुठं झोपला होतास?" "खाली. पडवीत." अंगावर चावल्याची खूण शोधून सापडेना.

मण्यार अशीच चावते. रात्री, जमिनीवर झोपलेल्या माणसाला. दुखत नाही, सूज येत नाही, खूणही धड दिसत नाही. काही तासांत पोटात दुखतं, गिळता येईनासं होतं, मग पापण्या पडतात, मान टाकली जाते आणि शेवटी श्वासाचे स्नायू थकतात. निदान डॉक्टर करणार. मला एवढंच कळायला हवं होतं, की याचा श्वास पुढच्या तासाभरात थांबू शकतो आणि तो थांबताना हा ओरडणार नाही.

मग वाटणी केली. नव्या सिस्टरला ग्लुकोमीटर आणि २५ टक्के डेक्स्ट्रोज (शिरेतून द्यायची साखर) घेऊन बेड १९ कडे पाठवलं. मामांना लाळ ओढून घ्यायचं सक्शन मशिन आणि ऑक्सिजन ट्रॉलीपाशी आणायला सांगितलं. मी त्या माणसाला डाव्या कुशीवर वळवलं, हातानं दाबून श्वास द्यायची अंबू बॅग उशाशी ठेवली आणि डॉक्टरांना फोन लावला. बेड २३ च्या तरुणाला जाता जाता सांगितलं, "तुझं इंजेक्शन लिहिलेलं आहे, वीस मिनिटांत देते, घड्याळ बघ." या सगळ्याला दीड-दोन मिनिटं लागली असतील. आधी कोण, मग कोण, असं रांगेनं जायचं असतं हा नव्या मुलींचा समज असतो. तुझ्याकडे किती हात आहेत आणि कुणाचा हात कुठल्या कामाला चालतो, हे आधी मोजायचं. नळी बंद करायला नर्स लागत नाही. पापण्या बघायला लागते.

बेड १९ ची साखर अवघी ४६ निघाली. निवृत्त शिक्षक, आयुष्यात कुणाला अरे-तुरे न केलेले गृहस्थ. सून रडकुंडीला आली होती, कारण तिला वाटलं सासऱ्यांचा तिच्यावर राग आहे. संध्याकाळी इन्सुलिन घेतलं आणि उलटी झाली म्हणून जेवण तसंच राहिलं. हे कुणी कुणाला सांगितलं नाही. डॉक्टरांनी वॉर्डासाठी लिहून ठेवलेल्या सूचनेप्रमाणे डेक्स्ट्रोज शिरेतून गेलं आणि दहा मिनिटांत ते सुनेला विचारत होते, "एवढे सगळे का जमलेत?" मधुमेहाच्या पेशंटचं वागणं अचानक बदललं तर त्याला चिडका म्हणायच्या आधी बोटाला सुई टोच. पेशंट शुद्धीवर असेल, गिळता येत असेल, तर तीन चमचे साखर पाण्यातून देऊन पंधरा मिनिटांनी परत तपासायचं. गिळता येत नसेल तर तोंडात काहीही घालायचं नाही. नातेवाईकांनाही घालू द्यायचं नाही, ते मायेनं चहा भरवायला जातात.

इन्सुलिनचा विषय निघालाच आहे तर एक गोष्ट मनावर कोरून ठेव. आपल्याकडे एका मिलीत ४० युनिटची कुपी आणि एका मिलीत १०० युनिटची कुपी, दोन्ही मिळतात. लाल टोपीची सिरिंज ४० ची, केशरी टोपीची १०० ची. लाल टोपीच्या सिरिंजमध्ये २० च्या खुणेपर्यंत औषध घेतलं की ते अर्धा मिली होतं. कुपी ४० ची असेल तर ते २० युनिट. कुपी १०० ची असेल तर तेच ५० युनिट, म्हणजे अडीचपट. नातेवाईक बाहेरच्या दुकानातून जी मिळेल ती कुपी आणतात. कितीही घाई असली तरी कुपीवरचा आकडा आणि सिरिंजवरचा आकडा शेजारी शेजारी धरून बघायचे. त्याला तीन सेकंद लागतात.

आता बेड ११. डॉक्टर आले, त्यांनी सर्पदंशाची लस (विषावरचा उतारा) सुरू केली, पहिल्या डोसाला दहा कुप्या. ही लस चालू झाली की पेशंटला रिॲक्शन येऊ शकते, म्हणून त्यावरचं ॲड्रिनलिन इंजेक्शन भरून हाताशी ठेवून मला तिथंच बसणं भाग होतं. बाकीचा वॉर्ड माझ्या नजरेआड गेला. अशा वेळी मी एक करते, ते तूही करावंस असं मला वाटतं. नव्या सिस्टरला म्हटलं, "चार्ट, गोळ्या सगळं राहू दे. एक फेरी मार आणि प्रत्येकाच्या हाताला हात लावून ये. बस." ती पाच-सहा मिनिटांत परत आली. म्हणाली, "सिस्टर, अकराचे हात गार लागले. पण ताप उतरलाय त्याचा. शांत झोपलाय."

बेड ११ डेंगी, आजाराचा पाचवा दिवस. दिवसभर घरचे प्लेटलेटचा आकडा विचारत होते आणि संध्याकाळी ताप उतरला म्हणून सगळे निश्चिंत झाले होते. डेंगीत ताप उतरतो तेव्हाच खरी काळजी सुरू होते. साधारण तिसऱ्या ते सातव्या दिवसात, ताप उतरता उतरता, रक्तातलं पाणी रक्तवाहिन्यांमधून बाहेर झिरपायला लागतं. मी तिला बीपी घ्यायला सांगितलं. "शंभर आहे सिस्टर, ठीक आहे." "खालचं?" "ऐंशी." वरच्या आणि खालच्या आकड्यात फक्त वीसचं अंतर. नाडी ११८. नखावर दाबून सोडलं तर गुलाबी रंग परत यायला चार सेकंद; दोनच्या आत यायला हवा. सहा तासांत लघवी जेमतेम ८० मिली. हा मुलगा झोपलेला नव्हता, शॉककडे, म्हणजे रक्ताभिसरण कोसळण्याकडे, चालला होता. वरचं बीपी शेवटपर्यंत बरं दिसतं, कारण शरीर जीव खाऊन ते टिकवून धरतं. ते पडलेलं दिसेल तेव्हा उशीर झालेला असतो.

डॉक्टर दहा पावलांवर होते हे आमचं नशीब. सलाईनचं प्रमाण ठरलं, दर तासाला लघवी मोजायची, रक्त परत तपासायला पाठवायचं, हे सगळं पुढच्या पाच मिनिटांत झालं. आणि बघ, ज्या डायक्लोफेनॅक या वेदनाशामकानं बेड २३ चा मुतखडा शांत झाला, तेच इंजेक्शन अंग दुखतंय म्हणून बेड ११ ला दिलं असतं तर रक्तस्राव ओढवून घेतला असता. डेंगीच्या पेशंटला हे इंजेक्शन नको, स्नायूत कुठलंच इंजेक्शन नको.

त्या रात्रीच्या पाच जणांपैकी सगळ्यात धोक्यात होते ते दोघं, ट्रॉलीवरचा आणि अकराचा. दोघांनीही हाक मारली नव्हती. जो ओरडतो त्याची श्वासनलिका मोकळी आहे, छातीत हवा आहे, डोक्याला रक्त पोचतंय, एवढं त्याच्या ओरडण्यातूनच कळतं. म्हणून त्याचं दुखणं खोटं ठरत नाही. बेड २३ ला मी वीस मिनिटं म्हटलं होतं, अठराव्या मिनिटाला नव्या सिस्टरनं इंजेक्शन दिलं. दिलेली वेळ पाळ, कारण एकदा पाळलीस की तो पेशंट आणि आजूबाजूचे चार नातेवाईक उरलेली रात्र तुझ्यावर विश्वास ठेवतात, आणि तुझ्या हाका निम्म्यानं कमी होतात. छातीतलं, जबड्यातलं, डाव्या हातातलं दुखणं मात्र वीस मिनिटं थांबवायचं नाही. तिथं ईसीजी दहा मिनिटांच्या आत निघायला हवा, बाकी सगळं बाजूला ठेवून.

हे मी स्वतः चूक करून शिकले आहे. नोकरीचं तिसरं वर्ष होतं, रुग्णालयाचं नाव सांगत नाही. एका बड्या माणसाचे नातेवाईक स्पेशल खोलीत होते. घटकाघटकाला निरोप यायचा, आणि मी त्या रात्री तिथं सहा वेळा गेले असेन; उशी बदलायला, पंखा कमी करायला. वॉर्डाच्या कोपऱ्यात एक म्हातारे शेतकरी होते, चाळीस वर्षं बिडी ओढून छाती कामातून गेलेली. नाकात दोन लिटरनं ऑक्सिजन. मध्यरात्री त्यांच्या मुलाला वाटलं, वडिलांना धाप लागतेय, जास्त हवा मिळाली तर बरं. त्यानं नॉब पूर्ण फिरवला. थोड्या वेळानं वडील शांत झाले. मी लांबून मशिनवर ऑक्सिजनचा आकडा ९९ बघितला, झोपलेला चेहरा बघितला आणि लिहिलं, 'पेशंट आरामात'. सकाळी इंटर्न (शिकाऊ डॉक्टर) उठवायला गेला तर ते उठेनात. अशा छातीच्या काही पेशंटना ऑक्सिजन जास्त झाला की कार्बन डायऑक्साइड साठतो आणि गुंगी येते. त्यांचं लक्ष्य ८८ ते ९२ असतं; ९९ हाच धोक्याचा इशारा होता आणि मी तो शाबासकीसारखा वाचला. चार दिवस आयसीयूत मास्कच्या व्हेंटिलेटरवर होते. वाचले. मुलगा माझ्या पाया पडायला आला, सिस्टर तुम्ही खूप केलंत म्हणून. ते मला आजही सहन होत नाही.

तेव्हापासून माझ्या वॉर्डात ऑक्सिजनच्या नॉबवर पांढरी चिकटपट्टी असते, तिच्यावर लिटरचा आकडा आणि वेळ. नातेवाईकाला दाखवून सांगते, "हे फिरवायचं नाही, धाप लागली तर मला उठवायचं." आणि रात्री झोपलेल्या आजारी माणसाला मी हलकेच जागं करते. "काका, मी सिस्टर. कुठं आहात सांगा." नीट उत्तर आलं की पांघरूण घालते. त्याची झोपमोड होते, मान्य आहे. मी ती मुद्दाम करते.

श्वास मोजण्याबद्दल मला तुला कळकळीनं सांगायचं आहे. कुठल्याही वॉर्डातले चार्ट काढून बघ, श्वासाच्या रकान्यात बहुतेकांचा आकडा २० किंवा २२. कारण कुणी मोजत नाही. नाडी मशिन दाखवतं, बीपी मशिन घेतं, श्वास मात्र छातीकडे बघत मिनिटभर उभं राहून मोजावा लागतो. आणि बिघाड सुरू झाला की इतर आकडे हलायच्या आधी कित्येकदा श्वासच वाढतो. ब्रिटनच्या रॉयल कॉलेज ऑफ फिजिशियन्सनं २०१२ साली आणलेला आणि २०१७ साली सुधारलेला एक तक्ता आहे, 'न्यूज' नावाचा. त्यात श्वास १२ ते २० असेल तर शून्य गुण, २५ किंवा जास्त असेल तर एकदम तीन. नव्यानं गोंधळलेपण आलं तरी तीन. बेरीज पाचला पोचली की डॉक्टरांना तातडीनं बोलवायचं, सातला पोचली की इमर्जन्सी समजायची. एकाच रकान्यात तीन आले तरी दुर्लक्ष करायचं नाही. आमच्याकडे तो सरकारी फॉर्म म्हणून आलेला नाही. मी टेबलाच्या काचेखाली ठेवला आहे. नव्या मुलीला 'मला बरं वाटत नाहीये याचं' एवढंच जाणवत असतं, तक्ता त्याला आकडा देतो, आणि आकडा फोनवर सांगता येतो. फक्त तक्त्यात गार हात नाहीत, पापण्या नाहीत, हेही लक्षात ठेव.

करोनानं आम्हाला आणखी एक गोष्ट शिकवली. 'बोलतोय म्हणजे बरा आहे' हा नियमही फसतो. ऑक्सिजन ८० असलेली माणसं मोबाइलवर घरी बोलत बसलेली मी बघितली आहेत. पण त्यांचेही श्वास मोजले की पुष्कळदा तीसच्या पुढं निघायचे.

औषधांचं बघू. हाकांच्या गर्दीत सर्वांत जास्त चुका कुठं होतात, तर इंजेक्शन भरताना. पेशंट, औषध, मात्रा, मार्ग, वेळ, या पाच गोष्टी तू शिकलीच आहेस. पण त्या पाचही तपासताना मध्येच कुणी "सिस्टर, एक मिनिट" म्हटलं की साखळी तुटते. मी औषध भरत असताना उत्तर देत नाही, फक्त डावा हात वर करते. वॉर्डाला सवय झाली आहे. मधे उठावंच लागलं तर भरलेली सिरिंज टाकून देते आणि परत पहिल्यापासून सुरू करते. बिनलेबलची सिरिंज ट्रेमध्ये कधीही ठेवायची नाही, तू स्वतः भरलेली असली तरी. पोटॅशियम क्लोराइडची दहा मिलीची कुपी इतर कुप्यांसारखीच दिसते. तिच्यात २० मिलिइक्विव्हॅलंट (क्षार मोजायचं एकक) पोटॅशियम असतं आणि ती तशीच शिरेत ढकलली तर हृदय थांबतं. तिथं भरून काढायला काही उरत नाही. जागतिक आरोग्य संघटनेनं २००७ साली रुग्णसुरक्षेचे नऊ उपाय सांगितले, त्यात अशा तीव्र द्रावणांवर नियंत्रण ठेवणं हा एक होता. माझ्या वॉर्डात ती इतर कुप्यांबरोबर ठेवत नाहीत. वेगळा डबा, वर लाल पट्टी, काढताना दोघींच्या सह्या. रात्री कुणी नसेल तर दुसऱ्या वॉर्डातली सिस्टर येऊन बघून जाते.

आणि काही कामं रात्री सुरूच करायची नाहीत, हाही अग्रक्रमाचाच भाग आहे. जुन्या ॲनिमियाचा स्थिर पेशंट, रक्त चढवायचं लिहिलंय, पिशवी रात्री एकला तयार झाली असा निरोप आला, आणि वॉर्डात तुम्ही दोघीच. पहिली पंधरा मिनिटं तुला त्याच्या शेजारी उभं राहता येणार आहे का? रक्ताची गंभीर रिॲक्शन बहुधा सुरुवातीलाच दिसते. येणार नसेल तर डॉक्टरांना स्पष्ट विचार, "सर, सकाळी सातला लावलं तर चालेल का?" त्यांनी हो म्हटलं की तसं लिहून घे. पिशवी तोवर रक्तपेढीतच राहू दे, वॉर्डाच्या फ्रिजमध्ये आणून ठेवायची नाही. रक्तस्राव चालू असलेल्या पेशंटला अर्थातच हे लागू नाही.

डॉक्टरांना फोन करताना मुली घाबरतात, मग म्हणतात, "सर, अकराचा पेशंट जरा बरा वाटत नाही." पलीकडचा छत्तीस तास जागा असतो, त्याला यातून काय कळणार? असं सांगायचं: "सर, मेल मेडिकलमधून सिस्टर बोलतेय. बेड ११, डेंगी, पाचवा दिवस, संध्याकाळी ताप उतरलाय. नाडी ११८, बीपी १०० वर ८०, हात गार, सहा तासांत लघवी ८० मिली. मला शॉकमध्ये जातोय असं वाटतंय. तुम्ही आत्ता येऊन बघा." शेवटची दोन वाक्यं मुली गाळतात, कारण आपल्याला मत असू नये असं आपल्याला शिकवलं गेलं. मत सांग. ते चुकीचं निघालं तर डॉक्टर चार शब्द बोलतील, ऐकून घे. फोनवर औषध सांगितलं तर परत वाचून दाखव आणि ते आले की सही घे. ते आले नाहीत तर दहा मिनिटांनी परत फोन, मग त्यांच्या वरच्यांना, मग ड्युटीवरच्या सीएमओंना (वैद्यकीय अधिकाऱ्यांना). प्रत्येक फोनची वेळ नोंदव. ही चुगली नाही, तू पेशंटसाठी दार वाजवते आहेस.

सगळे धोके मिनिटांत येत नाहीत. काही दिवसांनी येतात, आणि गर्दीत त्यांचाच बळी जातो: कूस बदलणं, तोंड साफ करणं, बाथरूमला जाताना धरायला कुणीतरी असणं. मुंबईच्या केईएममध्ये, हल्ल्यानंतर बेशुद्धावस्थेत गेलेल्या तिथल्याच परिचारिका अरुणा शानबाग यांना इतर परिचारिकांनी चाळीस वर्षांहून अधिक सांभाळलं, २०१५ साली त्या गेल्या तोवर, आणि इतकी वर्षं खाटेला खिळलेल्या त्यांना बेडसोर (पडून राहून होणारी जखम) होऊ दिला नाही. एका पिढीनं दुसरीच्या हातात दिलेलं ते काम आहे. ज्या कामाला कुणी स्टॅट, म्हणजे 'ताबडतोब', लिहीत नाही, ते किती मोठं असतं ते मला तिथं दिसतं. म्हणून रात्री दोनला कूस बदलायची राहिली तर मी स्वतःला माफ करते, पण लिहून ठेवते, आणि चारला ती पहिली घेते.

नातेवाईकांना अडचण समजू नकोस. आपल्या वॉर्डांत प्रत्येक खाटेशी एक जागं माणूस असतं, ही आपली मोठी ताकद आहे. त्यांना मोघम 'लक्ष ठेवा' म्हणायचं नाही, नेमकं काय बघायचं ते सांगायचं. "बोलणं बदललं, घाम आला, श्वास भरभर चालला, तर मला हलवून उठवा, संकोच करू नका." बेड १९ च्या सुनेनं घाम फुटलाय हे सांगितलं म्हणून ते गुरुजी वाचले.

चुकलं तर काय, हा तुझा शेवटचा प्रश्न. आधी पेशंटकडे जा, बीपी-नाडी घे. मग डॉक्टरांना सांग, मग इन्चार्ज सिस्टरला. मग जे झालं ते, ज्या वेळी झालं त्या वेळेसह लिही. आधीची नोंद खोडायची नाही. एक रेघ मारून शेजारी सही करायची. लपवलेल्या चुकीला उपचार मिळत नाही. मी इन्चार्ज झाल्यापासून एक पाळते: स्वतः येऊन चूक सांगणाऱ्या मुलीला सगळ्यांसमोर बोलत नाही. सगळ्या इन्चार्ज अशा नसतात हे मला माहीत आहे, तरी सांग.

आणि हे सगळं वाचून स्वतःवर सगळा भार घेऊ नकोस. इंडियन नर्सिंग कौन्सिलचं प्रमाण वैद्यकीय महाविद्यालयाला जोडलेल्या रुग्णालयात तीन रुग्णांमागे एक परिचारिका आणि इतरत्र पाचांमागे एक असं आहे. अडतीस पेशंटना दोघी ही माणसांची कमतरता आहे, तुझी नाही. ज्या रात्री वॉर्ड असुरक्षित वाटला, त्या रात्रीचे पेशंट, स्टाफ आणि काय राहून गेलं, हे तीन ओळींत मेट्रनना (परिचारिकांच्या प्रमुखांना) लेखी दे. मी दर महिन्याला देते. दोन वर्षांनी नाइटला एक सिस्टर वाढवून मिळाली.

त्या रात्रीचं राहिलेलं सांगते. ट्रॉलीवरच्या माणसाला पहाटे चारला श्वासाची नळी टाकून आयसीयूत हलवलं; नवव्या दिवशी चालत घरी गेला. बेड ११ ची लघवी सहाच्या सुमाराला सुटली. सकाळी पुढच्या पाळीला ओव्हर (वॉर्डाची माहिती) देताना नवी सिस्टर आम्ही काय काय केलं ते सांगायला लागली. मी तिला थांबवलं आणि म्हटलं, आधी काय राहिलं ते सांग. तिनं वही उघडली: बेड ४ ची कॅन्युला बंद पडली, नवीन टाकायची आहे, सकाळचं अँटिबायोटिक त्यामुळं थांबलंय. बेड १९ चं इन्सुलिन डॉक्टरांनी बघितल्याशिवाय द्यायचं नाही. बेड २७ ची कूस चारला बदलली, दोनची राहिली होती, पाठ लाल दिसतेय. दिवसपाळीची सिस्टर पर्स टेबलावर ठेवून आधी सत्तावीसकडे गेली.